शिवपुत्रप्पांच्या घराला दिलेले मार्क

३ एप्रिल १९३३, सोमवार

ही वही आजपासून फक्त घराच्या कामासाठी. इतर काही लिहायचे नाही.

घरमालक चनबसप्पा सकाळीच आले. धाकट्या मुलाचे लग्न ठरले आहे, तेव्हा मी राहते त्या दोन खोल्या त्यांना हव्यात. जूनच्या एक तारखेपर्यंत रिकाम्या करा म्हणाले. चौदा वर्षे राहिले इथे. वाईट वाटले नाही. नाही तरी शाळेच्या हेडबाईने भाड्याच्या खोलीत राहणे शोभत नाही. स्वतःचे घर घेणार. शिल्लक पुरेशी आहे, आणि शिलकीपेक्षा महत्त्वाची पद्धत, तीही आहे. १९०६ साली कॉलेजात बसून लॉजिक शिकलेली दुसरी बाई या सोलापुरात नसेल.

शाळेत हे अगदी सहज बोलून गेले. शिवण शिकवणाऱ्या अंबुबाई लगेच म्हणाल्या, आम्हीबी घरच बघायलाव की बाई. मी काही मनात आणले की या बाईंना तेच सुचते. मागे मी चष्मा केला, तर दोन महिन्यांत यांनाही लागला.

त्यांच्याविषयी माझ्या मनात काही नाही. व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेल्या बाईविषयी असणार तरी काय?

निश्चय: महिन्याच्या आत घर. त्यांच्या आधी.

४ एप्रिल

घराची प्रश्नपत्रिका तयार केली. भिंती वीस मार्क, पाणी वीस, छप्पर वीस, उजेड आणि वारा पंधरा, शेजार पंधरा, इतर दहा. एकूण शंभर. साठाला पास. मुलींना आपण पस्तीसला पास करतो, पण मुली कोणाच्या डोक्यावर कोसळत नाहीत.

अंबुबाईंना विचारले, तुमची पद्धत काय? म्हणाल्या, पद्धत कसली बाई, जाऊन बसायचं, उठावंसं वाटलं न्हाय की समजायचं घर चांगलं हाय. शिक्षकांच्या खोलीत सगळ्या हसल्या. त्या काहीही बोलल्या तरी सगळ्या हसतात.

६ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी

शुक्रवार पेठेत एक घर पाहिले. मालक शिवपुत्रप्पा, साठीचे. मुलाचे दुधनीला आडतीचे दुकान आहे, तिकडेच कायमचे जायचे म्हणून घर काढले आहे. बायको शांतम्मा. पूर्वेला तोंड, मध्ये अंगण, अंगणात आड. वर एकच माडीची खोली, तिला दोन खिडक्या. तळ्याकडचा वारा सरळ आत येतो. टेबल कुठे ठेवायचे, पुस्तकांचे कपाट कुठे, पलंग कुठे, हे पायरीवरूनच दिसले मला.

घर फार आवडले. अर्थात आवडणे हा पुरावा नव्हे. चेहऱ्यावर काही दाखवले नाही.

शांतम्मांनी बसायला पाट दिला, पाणी आणले. बसले नाही, पाणीही घेतले नाही. ज्याच्या घरचे पाणी प्यायले त्याच्या घराला कमी मार्क देता येत नाहीत.

शिवपुत्रप्पा म्हणाले, पसंत असंल तर शब्द द्या, सुपारी फोडू. हितल्या रीतीनं सुपारी फुटली की घर तुमचं, मग राजा आला तरी दुसऱ्याला द्यायचं न्हाय. किंमत सांगितली. माझ्या आवाक्यातली. मी म्हटले, शब्द रिपोर्टनंतर. ते म्हणाले, रिपोर्ट कोण देणार? मी म्हटले, मी.

९ एप्रिल, रविवार. सकाळी ७

शाळेतून फूटपट्टी, गवंड्याकडून ओळंबा. शाळेचे शिपाई बिरप्पा सोबत. ते कुंभारी गावचे, केस पिकलेले, फार बोलत नाहीत, पण बोलले की नको ते बोलतात.

उत्तरेची भिंत ओळंब्यातून दोन बोटे बाहेर. शांतम्मांना दाखवले. म्हणाल्या, सासऱ्याच्या वक्तापासनं ती तशीच उभी हाय बाई, पडायचं तिच्या ध्यानातच आलं न्हाय. बिरप्पा तोंड फिरवून हसले.

भिंती: वीसपैकी अकरा.

आडाचे पाणी बाटलीत भरून लाखेने बंद केले. पुण्यात माझ्या ओळखीचे एक केमिस्ट आहेत, त्यांच्याकडे पार्सल. उत्तराला पंधरा दिवस लागतील. घाई करणारे लोकच पस्तावतात.

१२ एप्रिल

अंबुबाईंनी विचारले, मिळालं का घर? मी सावध. म्हटले, एक पाहिले, पण काही खरे नाही. भिंत बाहेर आलेली, पाणी संशयास्पद, वर मातीचे छप्पर. त्यांचे लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून जरा वाढवून सांगितले. गल्लीचे नाव मात्र घेतले नाही. फक्त निंबाच्या पारासमोर, कासाराच्या दुकानाला लागून, एवढेच म्हटले. आणि माडीला दोन खिडक्या आहेत, पण वाऱ्यावर कोणी घर घेत नाही, असेही म्हटले.

आता त्या तिकडे फिरकणार नाहीत.

१५ एप्रिल, शनिवार

फिरकल्या.

शेजाराच्या चौकशीसाठी गेले होते, तेव्हा शांतम्मांनी उत्साहाने सांगितले. तुमच्या शाळेतल्या बाई काल येऊन गेल्या, लई गोड मानूस. दुपारभर स्वैपाकघरात बसल्या, लसूण सोलू लागल्या, कानडीत बोलल्या. पाण्याची परीक्षा म्हणे त्यांनी अशी केली: मूठभर तुरीची डाळ आडाच्या पाण्यात चुलीवर टाकली. डाळ भराभर शिजली. पाणी गोडं. संपले. मग तीच डाळ फोडणीला घालून दोघी जेवल्या. त्यांचा नवरा चन्नप्पा बाहेर पारावर छत्री घेऊन बसला होता, बायको उन्हात येऊ नये म्हणून.

याला पाहणी म्हणत नाहीत. याला जेवण म्हणतात.

मी या गावात बावीस वर्षे आहे. मला कोणी लसूण सोलायला दिलेली नाही. मी घेतलीही नसती.

निश्चय: कानडी शिकायचे. रोज अर्धा तास. या वयात बुद्धी परिपक्व असते, महिन्यात येईल.

१६ एप्रिल

कानडीचे पहिले पुस्तक आणले. छपाई वाईट आहे.

१७ एप्रिल

डोळ्यांवर ताण पडतो. कानडी बंद. घर घ्यायला भाषा लागत नाही.

१८ एप्रिल, मंगळवार

छपराची परीक्षा. महत्त्वाचा दिवस.

इकडच्या घरांवर कौले नसतात. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर हातभर मातीचा थर. याला माळवद म्हणतात. माझे बालपण पुण्यात कौलांखाली गेले, मातीच्या छपरावर माझा विश्वास नाही. अंबुबाई वर चढून पाहणार नाहीत, हेही माहीत होते. इथे शिक्षणाचा फरक दिसणार होता.

खुरपे घेऊन माडीच्या दारातून माळवदावर गेले. थराची जाडी मोजायची तर नऊ ठिकाणी उकरून सरासरी काढली पाहिजे. बिरप्पांना उकरा म्हटले. ते म्हणाले, बाई, माळवदाला उकरत न्हाईत. खारी माती हाय ती. पाऊस आला की आपली आपण दाबून बसती. एकदा पापुद्रा मोडला की मग ऐकत न्हाय. मी विचारले, बिरप्पा, तुम्ही लॉजिक वाचले आहे का? म्हणाले, न्हाय बाई, मी माळवद घातलंय.

शेवटी मीच उकरले. सरासरी साडेतेरा इंच.

मग पाणी. पावसाळ्याची वाट कोण पाहणार? चौदा घागरी एकदम ओतायला सांगितल्या. बिरप्पांनी ओतल्या, पण प्रत्येक घागरीला शिवशिव म्हणत होते.

निकाल निःसंशय. चार ठिकाणी गळले. एक धार गोधडीवर, एक देवळीतल्या दिव्यावर, एक दळणाच्या सुपात, आणि एक शेंगाच्या चटणीच्या बरणीत. शांतम्मा खालून जे बोलल्या ते कानडीत होते. कानडी सोडली हे बरे केले.

शिवपुत्रप्पा पूजेवरून उठून आले. छपराकडे पाहिले. म्हणाले, बाई, सोळा पावसाळ्यांत ह्या घरात थेंब न्हवता आला. मी वहीत टिपले: मालकाचे म्हणणे, पुरावा नाही.

छप्पर: शून्य. त्यांना स्पष्ट सांगितले की असल्या छपराला ही किंमत जास्त होते, विचार करावा. ते म्हणाले, व्हय, विचार करायला पायजे.

मुद्दा पटला.

१९ एप्रिल

शाळेतून येताना सहज शुक्रवार पेठेवरून आले. माळवदावर माणसे. अंबुबाई कासोटा खोचून चोपण्याने माती ठोकत होत्या. शेजारी शांतम्मा. चन्नप्पा आणि आणखी एक गडी खाऱ्या मातीच्या पाट्या वर देत होते. तिघे-चौघे हसत होते. छपरावर हसण्यासारखे काय असते?

अंबुबाईंनी वरून हाक मारली, बाई, या की वर. मी म्हटले, मला कामे आहेत.

स्वतःचे नसलेले घर दुरुस्त करणे हे लॉजिकच्या कोणत्याच नियमात बसत नाही. असल्या बाईची भीती बाळगण्याचे कारण नाही. बाळगत नाहीच.

२० एप्रिल

शाळेच्या हितासाठी एक निर्णय. दवाखान्याला द्यायला साठ झबली महिनाअखेर हवीत. काम अंबुबाईंकडे. संध्याकाळीही बसावे लागेल. त्यांना इतरत्र जायला वेळ राहणार नाही, पण तो माझा हेतू नाही.

२३ एप्रिल, रविवार

बिरप्पांकडून कळले, झबली शिवपुत्रप्पांच्या अंगणात शिवतात. शाळेत उकडतं, तितं वारा हाय, म्हणून अंबुबाईंनी सगळ्या मुलींना तिकडे नेले. मुली रोज जातात. शांतम्मा त्यांना पन्हे देतात. साठातली एकेचाळीस झाली.

माझ्या वर्गाला जास्तीच्या तासाला बोलावले की निम्म्या मुलींना ताप येतो. मुलींना मोगऱ्याचे गजरे आणणारी बाई आवडते, शिस्त लावणारी नाही. हा जगाचा नियम आहे, त्याचे मला काही नाही.

२५ एप्रिल

पुण्याचे उत्तर आले. पाणी पिण्यास उत्तम.

हे अंबुबाईंना अकरा दिवस आधीच माहीत होते. पण त्यांना कारण माहीत नव्हते.

पाणी: वीस. बेरीज: भिंती अकरा, पाणी वीस, छप्पर शून्य, उजेड-वारा पंधरा, शेजार सात (कासार पहाटे ठोकतो), इतर पाच. एकूण अठ्ठावन्न.

नापास. दोन मार्कांनी.

रात्रभर विचार करीन.

२६ एप्रिल. पहाटे ५, गिरणीचा पहिला भोंगा

ग्रेस मार्क हा परीक्षेचा मान्य प्रकार आहे. माडीच्या दोन खिडक्यांना वेगळे मार्क नव्हते, ही माझ्या प्रश्नपत्रिकेतली चूक. खिडकीला दोन प्रमाणे चार. एकूण बासष्ट. पास.

घर घेणार. आजच जाऊन शब्द द्यावा का? नको. उतावीळ दिसेल. गुरुवारी वार्षिक परीक्षेचे पेपर, शुक्रवारी निकालाचे तक्ते. रविवारी सावकाश जाईन. सुपारी मीच घेऊन जाईन, म्हणजे रीतही माहीत आहे हे दिसेल.

अंबुबाईंना सोमवारी सांगायचे. कसे सांगायचे तेही ठरवले. फार काही नाही. तुम्ही कधी या बघायला, एवढेच म्हणायचे.

३० एप्रिल, रविवार

सकाळी नऊला गेले. नवे पातळ नेसून. हातात सुपारी, नारळ. दाराशी चपला बऱ्याच. वाटले, पूजा असेल.

शिवपुत्रप्पा म्हणाले, या बाई, तुमचीच वाट बघायलाव. पाटावर बसवले. या वेळी बसले. अंबुबाई आतून आल्या, हिरवे इरकल नेसून, आणि माझ्या हातातला नारळ घेऊन म्हणाल्या, बाई, तुम्ही कशाला आणलं, आम्ही आणलं होतं की.

सुपारी तासापूर्वी फुटली होती.

चन्नप्पा सगळ्यांना सांगत होते, हेडबाईंनी खुणा सांगितल्या म्हणून घर घावलं. शिवपुत्रप्पा म्हणाले, छप्पर गळतं असं शिकलेल्या बाईंनीच लिहून घेतलं, मग आपण कशाला जास्तीचं घ्यायचं, म्हणून किंमत कमी केली. मी म्हटले, मी त्यांच्यासाठी म्हटले नव्हते. ते म्हणाले, ते खरं, पण छप्पर त्यांनीच नीट केलं की. तुमचा जबाब न्हवता आला बाई. रिपोर्टचं म्हणालात, मग गप. मला वाटलं नापास केलं असंल.

दोन मार्कांनी, असे तोंडावर आले होते. गिळले.

सगळ्यांनी पान दिले. खाल्ले.

वहीत नोंद: घर गेले. गिऱ्हाईक उतावळे होते, मी नव्हते. तत्त्व शाबूत.

७ मे, रविवार

सुट्टी लागली. नवीन जोमाने शोध. मुरारजी पेठेतले घर: सेहेचाळीस. बाळीवेशीतले: एकोणचाळीस, जिना काळोखी. रेल्वेकडचे: बावन्न, पण त्या मालकाने ओळंबा पाहूनच दार लावले. गावात माझ्याविषयी काही तरी पसरले आहे. कोणी पसरवले ते सांगायला नको.

१४ मे

नवीन कॉलनीत एक बंगलीवजा घर. सिमेंटची गच्ची. छप्पर वीसपैकी वीस. एकूण एकाहत्तर. पास.

आत उभी राहिले. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते. काही कारण नसताना निघून आले. मालक मागून विचारत होता, बाई, काय कमी पडलं?

उद्या हो म्हणायचे.

१५ मे

म्हटले नाही. ऊन फार होते.

२२ मे

ती बंगली गेली. कोणी वकिलाने घेतली. वकील लोक घाई करतात.

२९ मे, सोमवार

चनबसप्पांनी लग्नाची पातेली माझ्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवली. सत्तावीस मोठी पातेली. मी ती मोजली. त्यांची बायको दारात येऊन म्हणाली, बाई, एक तारीख गुरुवारी हाय न्हवं? मी म्हटले, तारीख मला शिकवू नका. म्हणाली, न्हाय, आपलं इचारलं.

दुपारी अंबुबाई आल्या. पातेल्यांतून वाट काढत आत येऊन बसल्या. म्हणाल्या, बाई, एक मागणं हाय. नव्या घरातली माडीची खोली रिकामीच पडली. आम्हा दोघांना काय करायची? तुम्ही या. चन्नप्पा तुमचं कपाट हलवायला गाडी आणतील. मी म्हटले, अंबुबाई, मला कोणाची कणव नको. त्या म्हणाल्या, कणव कुठली, तुमची शिस्त असली की घरात बरं असतं. आमचा सगळा पसारा असतो की.

हे त्या खरे बोलल्या. पसारा असतोच.

मी सांगितले, आधी पाहणी करावी लागेल. म्हणाल्या, करा की. पण बाई, माळवद उकरू नका.

३१ मे

अटी कळवल्या. भाडे मी ठरवीन आणि देईन. संध्याकाळी सातनंतर खाली मोठ्याने हसायचे नाही. मुलींनी माझ्या परवानगीशिवाय वर यायचे नाही. एकूण अकरा अटी, दोन प्रती, सहीसाठी जागा.

अंबुबाईंनी न वाचता सही केली. वाचायला हवे होते. सातवी अट कडक आहे.

१ जून, गुरुवार

सामान हलवले. शाळेतल्या नऊ मुली आपणहून मदतीला. अंबुबाईंनी बोलावल्या असणार. टेबल जिथे ठेवायचे ठरवले होते तिथेच बसले. कपाटही.

भाड्याच्या जागेत राहत आहे असे कोणी समजू नये. हा तात्पुरता मुक्काम. घराचे दोष आतून नीट अभ्यासता येतील, आणि अंबुबाईंना त्यांची चूक वेळोवेळी दाखवता येईल.

४ जून, रविवार

तीन दिवसांत एकही दोष सापडला नाही. शोध चालू.

खाली सारखी माणसे येतात. मोठ्याने हसतात. सात वाजता अंबुबाई सगळ्यांना गप्प करतात, मग सगळे हळू हसतात. ते जास्त ऐकू येते. कशाला हसतात ते मात्र कळत नाही.

११ जून, रविवार

आज अंबुबाईंची मावशी बाळाबाई गावाहून घर बघायला आल्या. सत्तरीच्या, हातात काठी. अंबुबाई त्यांना सगळे दाखवत होत्या. म्हातारीने भिंतीवर काठी ठोकून पाहिली. चुलीत वाकून पाहिले. मग जिना चढून माझ्या खोलीत, न विचारता. अट क्रमांक तीन. पण अटीत मावशी लिहायची राहिली होती.

खिडक्यांची दारे उघडून झाकून पाहिली. टेबलावर बोट फिरवून धूळ आहे का पाहिले. नव्हती. मग मी बसले होते तिथे येऊन, दुधनीच्या बाजारात बैल बघावा तसे माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, आणि मी तिथे नसल्यासारखे अंबुबाईंना विचारले, ह्या काय घरासंगंच मिळाल्या व्हय गं?

अंबुबाई म्हणाल्या, व्हय मावशे. घर ह्यांच्यामुळंच घावलं, मग ह्यांना कुटं सोडायचं?

म्हातारीने विचार केला. म्हणाली, बऱ्या दिसतात. फार कुरकुरत न्हाईत न्हवं?

अंबुबाई म्हणाल्या, थोडं थोडं. सवय व्हईल.

मी कॉलेजात शिकलेली आहे, हे सांगायला तोंड उघडले. तोवर दोघी आड बघायला खाली उतरल्या होत्या.